खाल्लं की लगेच पळावं लागतं, म्हणजे अन्न अंगी लागत नाही?

प्रश्न : बदलापूरला राहणाऱ्या आणि दादरला नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. सकाळी चहा-पोहे पोटात गेले की दहा-पंधरा मिनिटांत त्यांना संडासला पळावं लागतं. घरातून निघेपर्यंत दोनदा, कधी तीनदा. चार-पाच वर्षं हे चाललंय. एकदा गाडीने कल्याण सोडल्यावर कळ आली, ठाण्याला उतरून धावावं लागलं, तेव्हापासून धास्तीच बसली आहे. सासूबाई म्हणतात, "खाल्लेलं सगळं तसंच जातं, अंगी लागतच नाही, म्हणून तर अशी काडी." (उंची ५ फूट २ इंच, वजन ४७ किलो; लग्नात ४६ होतं.) मळात टोमॅटोची सालं दिसतात, हा त्यांचा पुरावा. इन्स्टाग्रामवरच्या एका कोचचं म्हणणं असं की आतड्यातली हार्मोन्स बिघडलीत, त्यामुळे अन्नातलं सत्त्वही शोषलं जात नाही आणि पाणीही. उपाय : १४ हजारांची हार्मोन तपासणी, तीन महिने पावडर, गहू बंद, जेवताना पाणी बंद. ताईंनी दोन महिन्यांपासून गहू सोडलाय, नाश्ता सोडलाय आणि ऑफिसला पोचेपर्यंत त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. गेल्या महिन्यात गाडीत चक्कर आली. तपासणीचे पैसे भरू का, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे असं लिहिलंय. ती दोन-तीन महिन्यांची असतानाचे दिवस आठवा. अंगावर पिता पिताच लंगोट भरायची ना? तेव्हा घरात कुणी म्हटलं होतं का, की दूध तसंच वाहून गेलं? दवाखान्यातल्या काट्यावर वजन वाढलेलं दिसायचं आणि सगळे खूश व्हायचे. तुमचं सकाळचं पळणं त्याच जातीचं आहे. जठरात काही पडून ते ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो : वरून नवा माल येतोय, खाली जागा करा. निरोप काही मज्जातंतूंमार्फत जातो, काही हार्मोन्समार्फत. थोड्याच मिनिटांत मोठं आतडं आवळतं आणि तिथे आधीपासून तयार असलेला मळ पुढे ढकलला जातो. सकाळच्या वेळी ही ढकल सगळ्यांत जोरकस असते, त्यात गरम चहा आणि फोडणीचं तेल. ‘चहा घेतल्याशिवाय होत नाही’ म्हणणारी मंडळी याच्याच भरवशावर असतात. तुमचं आतडं त्यांच्यापेक्षा जरा जास्त आज्ञाधारक, इतकंच.

म्हणजे पंधरा मिनिटांनी बाहेर पडतात ते आजचे पोहे नव्हेत. ते कालचं जेवण, क्वचित परवाचंही. पटत नसेल तर मक्याचं कणीस आणा. रात्री उकडून खा, थोडे दाणे नीट न चावताच गिळा, वेळ लिहून ठेवा आणि पुढे आठवडाभर मका बंद. मक्याचं साल माणसाला पचतच नाही, ते जसंच्या तसं बाहेर येतं. टोमॅटोच्या सालीचं, मिरचीच्या बियांचं तेच. साल दिसलं म्हणून आतला गर गेला असं होत नाही. दाणे कधी दिसतात ते पाहा. बऱ्याच जणांना एक-दोन दिवस लागतात. (सासूबाईंना प्रयोगात घ्यायचं की नाही, ते घरचं राजकारण बघून ठरवा.)

आणि वजन? लग्नात ४६, मधे एक बाळंतपण, आज ४७. तुमच्या उंचीला हे वजन बारीक दिसतं, पण निरोगी मर्यादेत बसतं. अन्न खरोखर न शोषता जात असतं तर पाच वर्षांत वजनाचा काटा खाली घसरला असता. तो जागचा हललेला नाही.

आता त्या हार्मोन्सकडे येऊ. कोचने तो शब्द हवेतून आणलेला नाही, म्हणूनच तुम्हाला पटला. हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड आणि पाळी आठवते, पण हा शब्द रुळला तो आतड्यामुळे. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा निवडला आणि त्याकडे येणारे सगळे मज्जातंतू कापले. मग त्या तुकड्यात आम्ल सोडलं. मज्जातंतू तुटलेले, तरीही लांबवर असलेल्या स्वादुपिंडातून रस टपकू लागला. निरोप पोचला कसा? स्टार्लिंगने आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लात घोटलं, गाळलं आणि रक्तात टोचलं. रस पुन्हा टपकला, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या पदार्थाला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटलं आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मी वर्गात हा प्रयोग शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही फोन खाली ठेवायची.

तुमच्या पोह्यांच्या वाट्याला ते सिक्रेटिन रोज येतं. जठर सगळा घास एकदम खाली सोडत नाही, थोडा थोडा पिचकारीसारखा सोडतं. तो आंबट लगदा लहान आतड्याच्या तोंडाशी आला की सिक्रेटिन सुटतं आणि स्वादुपिंडातून खारट, आम्ल मारणारा रस येतो. शेंगदाण्यातली चरबी आणि प्रथिनं दिसली की कोलेसिस्टोकायनिन सुटतं. ते पित्ताशय पिळतं, पाचक रस मागवतं आणि जठराला सांगतं, जरा हळू सोड, आधीचं संपू दे. तेलकट खाल्ल्यावर तासन्‌तास पोट भरल्यासारखं वाटतं ते यामुळे. पोह्यातल्या पिष्टाची साखर झाली की जीआयपी आणि जीएलपी-१ ही दोन हार्मोन्स स्वादुपिंडाला इन्सुलिन तयार ठेवायला सांगतात. आणि एवढ्यातूनही काही न पचता लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलंच, तर तिथल्या पेशी पीवायवाय नावाचं हार्मोन सोडतात. ते वरच्या सगळ्या हालचालीला ब्रेक लावतं आणि पाणी-क्षार ओढून घ्यायला मदत करतं. थोडक्यात, अन्न न शोषता पुढे निघालं तर त्याला थोपवायची सोय आतड्यातच आहे. तिथलंच आणखी एक हार्मोन, जीएलपी-२, आतड्याचं अस्तर जोमदार ठेवतं. ज्यांचं बरंचसं आतडं शस्त्रक्रियेत काढावं लागलं आणि ज्यांना शिरेतून पोषण द्यावं लागतं, त्यांच्यासाठी त्याच धर्तीचं टेड्युग्लुटाइड हे औषध २०१२ पासून आहे. न शोषणं म्हणजे काय असतं ते त्या रुग्णांकडे बघून कळतं.

पाण्याचं गणित तर तुम्हाला चकित करेल. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो, पण लहान आतड्यात साधारण नऊ लिटर पोचतं. उरलेलं सात लिटर शरीर स्वतःच ओततं : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचे स्राव. आणि यातलं जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. मळातून बाहेर जातं ते जेमतेम १०० ते २०० मिली, चहाचा एक कप. जिथे नऊ लिटरची उलाढाल आहे, तिथे तुम्ही जेवताना घेतलेल्या पेलाभर पाण्याने ‘पाचकरस पातळ होतात’ या म्हणण्यात किती दम आहे ते तुम्हीच बघा.

हे पाणी परत कसं येतं? त्याला स्वतःचा पंप नाही. लहान आतड्याच्या पेशीवर एक दार आहे. त्यातून ग्लुकोजचा एक कण आत यायचा तर सोबत सोडियमचे दोन कण लागतात. जोडीने साखर-मीठ आत आलं की पाणी त्यांच्या मागोमाग ओढलं जातं. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूचं विष पेशीतला पाणी सोडायचा नळ उघडा ठेवतं, पण हे साखर-मिठाचं दार त्याला बंद करता येत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनाबिस यांच्याकडचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी पिंपांमधून साखर-मिठाचं पाणी द्यायला लावलं. छावणीतलं मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसची पुडी ती हीच. (दुकानात गोड पेयाचा चौकोनी डबा उचलू नका. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असावं आणि लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालावी. ‘मुलाला एवढं कुठे जाणार’ म्हणून अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घालणारे पालक मला आजही भेटतात.)

नळ उघडणारे निरोपे आपल्या शरीरातही आहेत. ग्वानिलिन नावाचं एक हार्मोन आतड्यात पाणी सोडायला लावतं, म्हणजे लगदा सुकत नाही. उघड्यावरचं काही खाल्ल्यावर जुलाब होतात त्यातल्या एका जातीच्या ई. कोलाय जंतूने याच हार्मोनची बनावट किल्ली तयार केलेली असते. व्हीआयपी नावाचा आणखी एक निरोप्या फार झाला तर माणूस पाण्यासारख्या जुलाबांनी बेजार होतो. तो आजार खरा आहे. स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ गाठीमुळे तो होतो, त्यात दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं आणि पोटॅशियम तळाला लागतं. तिथे हार्मोनची तपासणी करायलाच हवी. पण त्या जुलाबाची खूण अशी की उपाशी राहिलं तरी ते थांबत नाहीत. तुम्ही लिहिलंय, गुरुवारी निरंकार उपास असतो तेव्हा काहीच त्रास होत नाही. (साबुदाण्याच्या खिचडीचा उपास मी मोजत नाही, तेलाचा तो दुसरा नाश्ताच.) तुमच्या या एका वाक्याने १४ हजार वाचवले आहेत.

मग सरसकट तपासून घ्यायला काय हरकत? हरकत अशी की या आकड्यांवरून तुमच्यासारख्या त्रासाचं निदान होत नाही. जीएलपी-१ रक्तात आल्यावर दोनेक मिनिटांत निम्मं उरतं. रक्त नाश्त्याआधी घेतलं, अर्ध्या तासाने घेतलं की दोन तासांनी, यावर आकडा बदलतो. बरीचशी हार्मोन्स जिथे सुटतात तिथल्या तिथेच काम उरकतात. कुठला तरी एखादा आकडा लाल रंगात छापून येणार आणि त्यावर पावडर विकली जाणार.

तुमच्या पत्रात मला आणखी एक ओळ सापडली : ‘रविवारी एकदाच जावं लागतं.’ पोहे तेच, चहा तोच. बदलतं काय? पावणेआठची गाडी. मेंदूला धास्ती वाटली की तो जे रसायन सोडतो, त्याने जठर मंदावतं आणि मोठं आतडं जोरात चालतं. परीक्षेच्या दिवशी मुलांना लागते ती हीच. म्हणजे ‘मनाचे खेळ’ असं मी म्हणत नाहीये. आतडं खरंच आवळतं, कळ खरी असते. नाश्त्यानंतरची पहिली खेप साधी नैसर्गिक, दुसरी-तिसरी ठाण्याच्या त्या सकाळची आठवण. डॉक्टर याला बहुधा आयबीएस म्हणतील, म्हणजे आतड्याला इजा नसताना त्याची चाल बिघडणं. त्यावर औषधं आहेत, समुपदेशनाचाही उपयोग होतो. पण आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय मी ते नाव लावणार नाही.

ती गोष्ट तुम्ही ता. क. म्हणून लिहिली आहे : गेल्या वर्षी हिमोग्लोबिन ९.६ आलं, लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून सोडल्या. ताई, पोटाची तक्रार आणि रक्त कमी, हे दोन एकत्र आले की नुसता सल्ला देऊन भागत नाही. आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असण्याचं कारण बहुतेकदा जास्त जाणारी पाळी आणि ताटातलं कमी लोह हेच असतं. तुमच्या पाळीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, ते डॉक्टरांना सांगा. पण लोह जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा पहिलाच भाग, आणि सीलिअॅक आजारात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने अस्तर झिजतं त्यात, मार बसतो तोही तिथेच. शोषणाचा खरा बिघाड शोधायचा तर तो इथे शोधायचा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (साठवलेलं लोह), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), टीटीजी-आयजीए (सीलिअॅकसाठी) आणि मळाची साधी तपासणी एवढं करून घ्या; १४ हजारांपेक्षा खूप कमी लागतील. मात्र तुम्ही गहू सोडलाय, आणि गहू बंद असताना टीटीजी खोटाच चांगला येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून आधी पोळ्या सुरू करा, साधारण सहा आठवडे रोज दोन वेळा, आणि मग ती तपासणी. बाकीच्या तपासण्यांना थांबायचं कारण नाही.

लोहाची गोळी परत सुरू होईल तेव्हा ती एक दिवसाआड चालेल का, हे विचारा. यकृत हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि ते लोहाचं दार लावून घेतं. गोळी घेतली की ते वाढतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत चढलेलंच असतं. त्यामुळे रोजच्यापेक्षा एक दिवसाआडची गोळी जास्त प्रमाणात शोषली जाते आणि मळमळही कमी. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू चालेल.

आता सकाळ. नाश्ता सोडून तुम्ही मोठ्या आतड्याचा निरोप फक्त पुढे ढकललात. दुपारच्या डब्यानंतर ऑफिसात पळावं लागतं हे तुम्हीच लिहिलंय. त्यापेक्षा तो निरोप घरच्या संडासाजवळ असतानाच जाऊ द्या. निघण्याच्या आधी दीड तास काहीतरी गरम आणि थोडं खा : चहा आणि अर्धी वाटी पोहे, तेल-शेंगदाणे हात राखून. मग घाई न करता बसा, फोन बाहेर ठेवून. दुसरी खेप यायची असेल तर तिलाही वेळ मिळतो. उरलेले पोहे डब्यात, दहा वाजता टेबलावर. पाणी उठल्यापासूनच प्या. शोषलेलं पाणी लघवीवाटे जातं, त्याने जुलाब वाढत नाहीत. गाडीत लघवीची भीती असते हे मान्य; आपल्या स्टेशनांवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल लिहायला बसले तर हे सदर पुरणार नाही. निघण्याच्या पाऊण तास आधीपर्यंत दोन पेले होतील असं बघा. चक्कर पाण्याविना आली असेल किंवा रक्त कमी म्हणून, डॉक्टरांना दोन्ही सांगा.

दूध दोन आठवडे बंद करून पाहा. चहातलं चमचाभर चालेल, पेलाभर नको. मोठेपणी दुधातली साखर पचवायची ताकद आपल्यातल्या बऱ्याच जणांची कमी होते आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी धरून ठेवते. दही-ताक बहुतेकांना सोसतं. गाडीत चघळता ते शुगरफ्री च्युइंगमही सोडा, त्यातलं सॉर्बिटॉल नेमकं तेच करतं. रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात घ्या; ते बद्धकोष्ठाचं म्हणून लोक घाबरतात, पण सैल मळाला बांधायलाही ते कामाला येतं. कांदा, लसूण, डाळी असं सगळं एकदम तोडू नका, नाहीतर वजन खरंच उतरेल आणि सासूबाई जिंकतील.

रक्त पडलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, ताप आला, आपोआप वजन घटलं, किंवा मळ फिकट, तेलकट, पाण्याने ढकलूनही न जाणारा दिसू लागला, तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे. पन्नाशीच्या आसपास ज्यांची सवय अचानक बदलली आहे त्यांनीही माझ्या मक्यावर विसंबू नये.

याच विषयावर आणखी काही पत्रं आहेत, म्हणून त्यांनाही दोन शब्द. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर पोट बिघडलं असेल तर ती गोळी हे कारण असू शकतं. बंद न करता डॉक्टरांना हळू विरघळणारा प्रकार मागा आणि वर्षा-दोन वर्षांनी बी-१२ तपासा. वजनाची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड, घेणाऱ्यांनो, ती याच आतड्यातल्या हार्मोन्सची नक्कल आहेत आणि जठर मंद करतात. मळमळीमुळे पाणी पिणं कमी होतं आणि तिथेच घोटाळा होतो, घोट घोट पीत राहा. पित्ताशय काढल्यावर ज्यांना सैल होऊ लागलंय, त्यांच्यात पित्त मोठ्या आतड्यात उतरून पाणी सुटत असू शकतं. त्यावर वेगळं औषध आहे, नेहमीच्या जुलाबाच्या गोळ्यांवर वर्षं काढू नका.

ताई, नाश्त्याची सुरुवात सोमवारी करू नका. येत्या रविवारी करा, गाडी नसताना. फेरिटिनचा आकडा आला की कळवा, आणि मक्याला किती तास लागले तेही.